माणूस बघतोय म्हणजे सुरक्षित? राजा परशुरामन यांच्या संशोधनाबद्दल

निरभ्र (धागाकर्ता)

एआयवर कुठेही बोलणं निघालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मशीन फक्त सुचवणार, शेवटचा निर्णय माणसाचाच." एवढं म्हटलं की विषय मिटतो. मला हे वाक्य अपुरं वाटतं, आणि जिथे कुणाचा जीव अवलंबून आहे तिथे तर धोक्याचं वाटतं. का, ते सांगण्यासाठी एका संशोधकाचं काम इथे मांडतोय. भारतीय वंशाच्या या माणसाने सगळी कारकीर्द याच प्रश्नावर घालवली, पण मराठीत त्यांच्याबद्दल फारसं लिहिलेलं मला दिसलं नाही.

राजा परशुरामन. आधी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, मग ॲस्टन विद्यापीठात मानसशास्त्रात पीएचडी. पुढे अमेरिकेत कॅथलिक युनिव्हर्सिटी आणि २००४ पासून जॉर्ज मेसन विद्यापीठ. २०१५ मध्ये ते गेले.

त्यांचा मूळ विषय सतर्कता. या विषयाची सुरुवात दुसऱ्या महायुद्धात झाली. पाणबुड्या शोधणाऱ्या विमानांत रडारसमोर बसलेले चांगले तयार सैनिकही काही वेळाने पडद्यावरचे ठिपके हुकवायला लागत. नॉर्मन मॅकवर्थने यावर एक साधा प्रयोग केला, तो १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. कोऱ्या तबकडीवर एक काटा ठरावीक लयीत टिक टिक पुढे सरकतो आणि अधूनमधून एकदम दुप्पट उडी मारतो. उडी दिसली की बटण दाबायचं, एवढंच काम. पहिल्या अर्ध्या तासातच माणसांच्या उड्या हुकायला लागल्या.

परशुरामन यांनी यात पुढचा प्रश्न घातला. समोर काट्याऐवजी दुसऱ्या यंत्राचं काम असेल, आणि ते यंत्र बहुतेक वेळा बरोबरच असेल, तर काय होतं? १९९३ मध्ये मॉलॉय आणि सिंग या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी संगणकावर विमान चालवण्यासारखी कामं लोकांना दिली: लक्ष्यावर खूण धरून ठेवणं, इंधन या टाकीतून त्या टाकीत वळवणं, आणि इंजिनाचे गेज बघणं. यातलं गेज बघण्याचं काम यंत्रणा स्वतःच करत होती, पण अधूनमधून चुकत होती आणि ती चूक माणसाने पकडायची होती. काही जणांची यंत्रणा शेवटपर्यंत सारख्याच भरवशाची होती, काहींची कधी जास्त तर कधी कमी. ज्यांची यंत्रणा एकसारखी वागत होती त्यांनी चुका खूपच कमी पकडल्या.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो याच अभ्यासाचा दुसरा भाग. बाकीची कामं काढून घेऊन लोकांना नुसतं यंत्रणेवर लक्ष ठेवायला सांगितलं, तेव्हा त्यांनी जवळजवळ सगळ्या चुका पकडल्या. म्हणजे त्यांना दिसत नव्हतं असं नव्हे, आणि ते आळशीही नव्हते. हातात तीन कामं असताना मन आपलं लक्ष वाटून देतं, आणि जे यंत्र कधी त्रास देत नाही त्याच्या वाट्याला सगळ्यात कमी येतं. यात एका परीने शहाणपणच आहे. चूक घडते तेव्हा मात्र त्याची किंमत मोजावी लागते.

१९९७ मध्ये व्हिक्टर रायली यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखात त्यांनी माणूस आणि स्वयंचलित यंत्रणा यांच्या नात्याचे प्रकार मांडले. यंत्रणा योग्य तिथे वापरणं हा एक. तिच्यावर नको इतकं विसंबणं हा दुसरा. खोट्या अलार्मना कंटाळून ती बंदच करून ठेवणं हा तिसरा. चौथा प्रकार वापरणाऱ्याचा नाहीच, तो बनवणाऱ्यांचा आहे: समोरच्या माणसाच्या वाट्याला कसलं काम उरेल याचा विचार न करता, जमतंय म्हणून एखादी गोष्ट स्वयंचलित करून टाकणं. अपघातानंतर चौकशी पहिल्या तीन प्रकारांपाशी थांबते असं मला वाटतं. चौथा प्रकार काही वर्षं आधी एखाद्या मीटिंगमध्ये घडून गेलेला असतो.

मग २००० साली शेरिडन आणि विकन्स यांच्याबरोबर त्यांनी एक चौकट दिली. कुठल्याही कामाचे चार टप्पे पाडा: माहिती गोळा करणं, तिचा अर्थ लावणं, निर्णय निवडणं, तो अमलात आणणं. प्रत्येक टप्प्यावर यंत्राला किती मोकळीक द्यायची ते वेगवेगळं ठरवा. "हे काम मशीनने करावं का?" या एका प्रश्नाचे असे चार प्रश्न झाले. २०१४ मध्ये ओनाश आणि सहकाऱ्यांनी अशा अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले. यंत्रणा जितकं जास्त करते तितकं रोजचं काम सुधारतं, हे त्यात दिसलं. पण यंत्रणा अर्थ लावण्यापासून निर्णय निवडण्यापर्यंत सरकली, की ती बिघडल्यावर माणसाची त्रेधा ठळकपणे वाढते, हेही दिसलं.

तुमच्या क्षेत्रात मशीन सुचवतं आणि माणूस बघतो अशी कामं असतील तर तिथे प्रत्यक्षात काय होतं, ते वाचायला आवडेल.

कंट्रोलरूम

धाग्याबद्दल मनापासून आभार. रासायनिक प्रक्रियेच्या कारखान्यात पॅनलवर बसतो, त्यामुळे वरचं प्रत्येक वाक्य ओळखीचं वाटलं.

आमच्याकडे तिसरा प्रकार रोजचा आहे. एखादा अलार्म शिफ्टमध्ये पुन्हा पुन्हा वाजतो, दर वेळी बघितलं तर काहीच नसतं. मग तो दाबून टाकायची हाताला सवय लागते. नवीन मुलगा पॅनलवर येतो तेव्हा कुठल्या अलार्मकडे बघायचं नाही हे तो पहिल्या आठवड्यात शिकतो, आणि कुठल्याकडे बघायचं हे शिकायला त्याला पुढे कितीतरी वेळ लागतो.

या विषयावर लिझान बेनब्रिज यांचा १९८३ चा लेख आहे, तो आमच्या क्षेत्रात लोक अजून एकमेकांना वाचायला देतात. त्यांचं म्हणणं असं: यंत्रणा बनवणारा ऑपरेटरला बेभरवशाचा समजून त्याला बाजूला काढतो, पण जे स्वतःला स्वयंचलित करता आलं नाही ते सगळं त्याच ऑपरेटरवर सोडतो. रोजचं सोपं काम यंत्र करतं, म्हणून ऑपरेटरचा हात सुटतो, म्हणजे सराव मोडतो. आणि त्याला हाक येते ती सगळं विचित्र झालेलं असताना, म्हणजे सगळ्यात जास्त कौशल्य लागतं तेव्हा. त्यांनी पुढे असंही म्हटलंय की ज्या यंत्रणेत माणसाला क्वचितच हात घालावा लागतो, तिथेच ऑपरेटरच्या प्रशिक्षणावर सगळ्यात जास्त खर्च करायला हवा. प्रत्यक्षात होतं उलटं. "आता सगळं ऑटोवर आहे, ट्रेनिंग कशाला?" हे मी स्वतः ऐकलेलं आहे.

पॅनल काय सांगतं हाही भाग आहे. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात एक रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारी झडप) उघडा अडकला. पॅनलवर त्याचा दिवा विझलेला होता, म्हणून ऑपरेटरांना व्हॉल्व्ह बंद झाला असं वाटलं. तो दिवा खरं म्हणजे व्हॉल्व्हला बंद होण्याचा हुकूम गेला एवढंच दाखवत होता. व्हॉल्व्ह खरंच बंद झाला का, ते दाखवायची सोय त्या दिव्यात नव्हती. दोन तासांहून जास्त वेळ पाणी निघून जात राहिलं आणि त्याच वेळी शंभरावर अलार्म एकदम वाजत होते. अशा वेळी "ऑपरेटरची चूक" एवढंच लिहून अहवाल बंद करणं हा त्या माणसांवर अन्याय आहे.

सायली_वाचते

वाचनखूण साठवली. सावकाश वाचून लिहीन.

दर्यावर्दी

जहाजावरचे एक उदाहरण देतो. आमच्या प्रशिक्षणात ते शिकवले जाते आणि परशुरामन यांचे म्हणणे त्याइतके स्पष्ट दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

'रॉयल मॅजेस्टी' हे प्रवासी जहाज जून १९९५ मध्ये बर्म्युडाहून बॉस्टनकडे निघाले. बंदर सोडल्यावर थोड्याच वेळात जीपीएसच्या अँटेनाची केबल निघाली. उपग्रहांशी संपर्क तुटताच रिसीव्हर अंदाजाने जागा काढू लागला, म्हणजे ठरलेली दिशा आणि वेग यांवरून आता आपण कुठे असायला हवे ते दाखवू लागला. वारा आणि प्रवाह यांमुळे जहाज बाजूला सरकते, ते या हिशोबात धरलेले नव्हते. सूचना म्हणून एक क्षणभराचा आवाज झाला आणि पडद्यावर बारीक अक्षरांत दोन संक्षेप उमटले. ऑटोपायलट ही खोटी जागा खरी मानून जहाज हाकत राहिले.

सुमारे ३४ तास कोणाच्याही लक्षात आले नाही. या वेळात चार-चार तासांचे कितीतरी पहारे बदलले. प्रत्येक अधिकारी नकाशावर जागा मांडत होता, पण जीपीएसनेच दिलेली. ज्या वेळी एक विशिष्ट बोया (मार्ग दाखवणारी तरंगती खूण) दिसायला हवा होता त्या वेळी रडारवर खरोखर एक बोया दिसला. तो दुसराच होता. अपेक्षा जुळली, म्हणून पुढे तपासणी झाली नाही. खोली कमी झाल्यावर वाजणारा अलार्म शून्य मीटरवर ठेवलेला होता, म्हणजे तो वाजणारच नव्हता. १० जूनच्या रात्री जहाज नॅनटकेट बेटाच्या पूर्वेला वाळूच्या पट्ट्यावर चढले. मार्गापासून ते सुमारे १७ मैल दूर गेले होते. जहाजावर दीड हजार माणसे होती. सर्व सुखरूप राहिली, हे नशीब.

या जहाजावर जागा ठरवण्याची दुसरी, स्वतंत्र साधने होती. ती चालू होती आणि बरोबर होती. त्यांच्याकडे कोणी वळले नाही, कारण पहिले साधन इतके दिवस कधी चुकले नव्हते.

निरभ्र (धागाकर्ता)

दर्यावर्दी, फार मोलाचा प्रतिसाद. दुसरं साधन हाताशी असूनही न बघणं, हाच १९९३ च्या प्रयोगातला, एकसारखी वागणारी यंत्रणा मिळालेला गट. फक्त इथे पडद्यावरच्या गेजच्या जागी खरा समुद्र होता.

तर्कट

लेख चांगला आहे, पण धाग्याची दिशा मला पटत नाही. अपघातांची उदाहरणं देऊन यंत्राबद्दल भीती तयार करणं सोपं आहे. जे अपघात यंत्रामुळे टळले त्यांची बातमी होत नाही. स्वयंचलन वाढत गेलं त्याच दशकांत प्रवासी विमान वाहतूक कितीतरी सुरक्षित झाली. एकटा माणूस दमतो, पेंगतो, घाबरतो.

वैद्यकीय उदाहरण घ्या. स्वीडनमध्ये स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीत ८० हजारांहून जास्त स्त्रियांवर मोठी चाचणी झाली, तिचे पहिले निष्कर्ष २०२३ मध्ये आले. एआयची मदत घेतलेल्या गटात रेडिओलॉजिस्टांचं वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं आणि कर्करोग कमी सापडले नाहीत, उलट थोडे जास्तच सापडले. मग "माणूस बघतोय म्हणजे सुरक्षित?" या प्रश्नाचं उत्तर इथे "हो, पूर्वीपेक्षा जास्त" असंच येतं ना?

डॉ_अनामिका

तर्कट, ती चाचणी मलाही महत्त्वाची वाटते. पण त्यांनी काय केलं ते बारकाईने बघा. एआयने प्रत्येक मॅमोग्रामला, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेला, धोक्याचा गुण दिला. कमी गुण असलेले फोटो एका डॉक्टरने वाचले, जास्त गुणांचे दोघांनी. म्हणजे माणसाचं लक्ष कुठे खर्च करायचं, हे आधी ठरवून काम नव्याने वाटलं गेलं. जुन्या कामाच्या शेजारी एक सुचवणारी खिडकी आणून ठेवली असती तर असाच निकाल आला असता असं मी धरून चालणार नाही.

तशा खिडकीने काय होतं, यावर जर्मनीत झालेला एक प्रयोग त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. २७ रेडिओलॉजिस्टांना मॅमोग्राम वाचायला दिले आणि सोबत "एआयचं मत" म्हणून एक श्रेणी दाखवली. काही ठिकाणी ती मुद्दाम चुकीची होती. सूचना बरोबर असताना नवशिक्यांची अचूकता सुमारे ८० टक्के होती, ती चुकीच्या सूचनेबरोबर सुमारे २० टक्क्यांवर आली. सगळ्यात अनुभवी डॉक्टरही सुमारे ८२ वरून ४५ च्या आसपास घसरले. अनुभवाने बचाव होतो, पण पुरेसा होत नाही. हे वाचल्यावर मी बराच वेळ अस्वस्थ होते, कारण या सगळ्यांना मॅमोग्राम वाचता येत होते.

दुसरी गोष्ट हात सुटण्याची, जी कंट्रोलरूम यांनी लिहिली. पोलंडमधल्या चार केंद्रांत कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत) पॉलिप, म्हणजे आतड्यातल्या गाठी, दाखवणारी एआय आली. तिथल्या डॉक्टरांनी एआय बंद असताना केलेल्या तपासण्यांत ॲडिनोमा (पुढे कर्करोग होऊ शकेल अशी गाठ) सापडण्याचं प्रमाण एआय येण्याआधी २८.४ टक्के होतं, नंतर २२.४ टक्के. अभ्यास २०२५ चा आहे आणि निरीक्षणावर आधारलेला आहे. दोन्ही काळांतले रुग्ण सारखे नसू शकतात, त्यामुळे याला शेवटचा शब्द मानू नये. तरी नजर तयार होते ती रोज स्वतः शोधण्याने, हे प्रत्येक एंडोस्कोपी करणारा सांगेल. नवीन डॉक्टरांची पहिलीच वर्षं एआयबरोबर गेली तर त्यांची नजर कधी तयार होणार, याची मला खरी काळजी वाटते.

निरभ्र (धागाकर्ता)

@तर्कट, तुमचा आक्षेप रास्त आहे, आणि परशुरामन यांनीही तो मान्य केला असता. त्यांनी स्वयंचलनाला विरोध केला नाही. रायलींबरोबरच्या लेखात यंत्रणा न वापरणं हाही दोष म्हणूनच मांडला आहे. चांगला इशारा देणारी यंत्रणा कंटाळून बंद केली आणि त्याने अपघात झाला, तर तोही यंत्रणेचा आणि माणसाचा बिघडलेला संबंधच. प्रश्न आहे तो काम वाटण्याचा. स्वीडनची चाचणी मला याच विचाराच्या बाजूची वाटते. तिथे यंत्राला मुख्यतः दुसऱ्या टप्प्यावर, अर्थ लावण्याच्या टप्प्यावर मोकळीक दिली आणि निर्णय डॉक्टरकडे ठेवला.

वाऱ्यावरती

विमानांबद्दल तर्कट यांनी लिहिलं ते बरोबर आहे, पण ती सुरक्षितता फुकट आलेली नाही. प्रत्येक अपघातानंतर कॉकपिट आणि प्रशिक्षण दोन्ही बदलावं लागलं.

१ जून २००९, एअर फ्रान्स ४४७. बर्फाने वेग मोजणाऱ्या नळ्या तुंबल्या, वेगाचे आकडे बिनभरवशाचे झाले आणि ऑटोपायलटने रात्री, अटलांटिकवर, काम वैमानिकांच्या हाती दिलं. साडेचार मिनिटांच्या आत विमान समुद्रात होतं. २२८ माणसं गेली. त्यात एक गोष्ट फार त्रास देणारी आहे. विमानाचा वेग इतका खाली आला की यंत्रणेने आकडे अवैध मानले आणि स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल सुटल्याची, सूचना थांबली. नाक खाली करायला गेलं की आकडे पुन्हा वैध होत आणि सूचना परत वाजू लागे. योग्य कृती केली की यंत्र ओरडतं, चुकीची केली की गप्प बसतं! त्या क्षणी तिथे बसलेल्या माणसाने यातून काय समजायचं? या अपघातानंतर खूप उंचीवर हाताने विमान सांभाळायच्या सरावावर भर आला, तो आधीच यायला हवा होता.

कोडवाला_

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात हेच आता कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे लिहिलेला कोड तपासताना, चालू आहे. एआय कोड लिहून देते, आपण तपासायचा. स्वतः लिहिताना डोक्यात सगळी रचना तयार होते. दुसऱ्याने लिहिलेला, नीटनेटका, कमेंटसकट कोड समोर आला की टेस्ट पास झाल्या का बघून ॲप्रूव्ह करायचा मोह होतो. दिवस उतरतीला लागला की मोह वाढतो.

यावर सगळीकडे एकच उपाय सांगतात: एआयने आपल्या उत्तराची कारणं द्यावीत, मग माणूस पारखून घेईल. २०२१ मध्ये बन्सल आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. कारणं दिल्यावर लोक एआयचं म्हणणं जास्त मानायला लागले, ते बरोबर असो वा चूक. पारख वाढली नाही, होकार वाढला. माझ्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळतं. छान लिहिलेलं स्पष्टीकरण वाचलं की तपासल्यासारखं वाटतं.

त्याच वर्षी बुचिंजा, मलाया आणि गायोस यांचा एक प्रयोग आला. त्यांनी लोकांना थांबून विचार करायला लावणारी रचना केली: आधी स्वतःचं उत्तर द्या, मग एआयचं बघा, किंवा एआयचं उत्तर मागितल्याशिवाय दाखवायचंच नाही, किंवा थोडा वेळ थांबवायचं. आंधळा विश्वास कमी झाला. पण ज्या रचनांनी तो सगळ्यात कमी केला, त्याच लोकांना सगळ्यात कमी आवडल्या. आता सांगा, ग्राहकाला न आवडणारी गोष्ट कुठली कंपनी आपणहून ठेवेल? मला यातून मार्ग दिसत नाही, म्हणून विचारतोय.

शब्दसेतू

मी भाषांतर करते. हल्ली मला मूळ मजकुराबरोबर मशीनचं भाषांतर येतं आणि ते "फक्त दुरुस्त" करायचं असतं. पूर्वीची मशीनं मोडकंतोडकं लिहीत, त्यामुळे चूक कुठे आहे ते वाक्यच ओरडून सांगत असे. आताची भाषा सफाईदार असते. एखादं "नाही" गळलेलं असतं, कर्ता बदललेला असतो, आणि वाक्य मात्र उत्तम वाचलं जातं. मळलेल्या वाटेवर जसे पाय आपोआप पडतात तशी नजर पुढे सरकत जाते. आता मी आधी मूळ परिच्छेद वाचून तो मनातल्या मनात मराठीत आणते, मगच मशीनचं उघडते. वेळ जास्त लागतो. मोबदला मात्र दुरुस्तीचाच मिळतो, आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे. तपासणं हे काम कुणी काम म्हणून धरतच नाही.

निरभ्र (धागाकर्ता)

शब्दसेतू ताई, तुमचं शेवटचं वाक्य मी या धाग्याच्या मथळ्याखाली लावायला हवं होतं.

@कोडवाला_, कंपनी आपणहून ठेवणार नाही, हे मान्य. म्हणून मला वाटतं की जिथे जीव धोक्यात आहे तिथे ते नियमाने यावं. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्यात कलम १४ मानवी देखरेखीबद्दल आहे. जास्त धोक्याच्या यंत्रणांवर देखरेख करणाऱ्या माणसाला यंत्राच्या उत्तरावर आपोआप विसंबण्याच्या प्रवृत्तीची जाणीव राहावी, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. प्रयोगशाळेतला शोध कायद्यात पोहोचला, याचा मला आनंद आहे. पण नुसती जाणीव पुरत नाही. प्रवृत्ती ठाऊक असलेले लोकही तसेच वागतात. कायद्याने जाणिवेबरोबर वेळ, सराव आणि कामाची मर्यादाही मागायला हवी होती.

टेम्पी, ॲरिझोना इथला मार्च २०१८ चा अपघात आठवा. उबरची चाचणीची स्वयंचलित गाडी, आत देखरेखीला एक चालक. रस्ता ओलांडणारी, सायकल ढकलत चाललेली स्त्री गाडीच्या यंत्रणेला ५.६ सेकंद आधी दिसली होती, पण ती कधी वाहन, कधी काहीतरी वेगळं, कधी सायकल ठरवली जात राहिली. गाडीची मूळची आपत्कालीन ब्रेकची सोय स्वयंचलित मोडमध्ये बंद ठेवलेली होती. चालकाची नजर मोबाइलवर होती. ती स्त्री गेली. पूर्वी अशा गाडीत दोन माणसं असत, ती कंपनीने एकावर आणली होती. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चालकाबरोबर कंपनीवरही ठपका ठेवला: देखरेख करणाऱ्यांचं लक्ष असं सैल होतं हा धोका तिने पुरेसा ओळखला नाही आणि त्यावर बंदोबस्तही केला नाही. परशुरामन यांनी सांगितलेला चौथा प्रकार तो हाच.

तर्कट

वाचून माझं मत थोडं हललंय. पण उपाय काय? प्रत्येक वेळी यंत्र थांबवून माणसाला विचारायचं, तर यंत्राचा फायदाच उरणार नाही.

निरभ्र (धागाकर्ता)

प्रत्येक वेळी नको. परशुरामन यांनी मुलूआ आणि मॉलॉय यांच्याबरोबर १९९६ मध्ये यावरच प्रयोग केला. स्वयंचलित केलेलं काम मध्येच थोडा वेळ माणसाकडे परत दिलं आणि मग पुन्हा यंत्राकडे नेलं. त्यानंतर लोक यंत्राच्या चुका जास्त पकडू लागले. थोडा वेळ हातात काम आलं तर नंतरचं लक्षही सुधारतं. मला हा त्यांचा सगळ्यात आशादायक प्रयोग वाटतो, कारण तो महाग नाही.

दुसरा उपाय विमानतळांवर वापरात आहे. सामानाचे एक्स-रे बघणाऱ्यांना खरं हत्यार क्वचितच दिसतं. म्हणून सॉफ्टवेअर अधूनमधून खऱ्या बॅगेच्या चित्रात बंदुकीची किंवा चाकूची खोटी प्रतिमा मिसळतं. कर्मचाऱ्याने बटण दाबलं की ती चाचणी होती हे लगेच कळतं. शोधायचं ते अगदीच दुर्मीळ राहिलं नाही की डोळा जागा राहतो. शिवाय कोण किती पकडतो हेही समजतं. एआयच्या उत्तरांमध्ये मुद्दाम पेरलेल्या चुका ठेवून कोड रिव्ह्यू करणाऱ्यांची अशी तपासणी व्हावी असं मला वाटतं, अर्थात त्या चुका पुढे जाणार नाहीत याची पक्की सोय करूनच.

पहिलं_वर्ष

नमस्कार, मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी. परशुरामन यांचं न्यूरोएर्गोनॉमिक्सचं काम या चर्चेत यायला हवं असं वाटलं. काम करताना मेंदूत काय चालतं ते मोजायचं आणि त्यावरून यंत्रणेने आपलं वागणं बदलायचं. माणसावर ताण आला की यंत्राने जास्त भार उचलायचा, मन भरकटलं की काम त्याच्या हाती द्यायचं. या ज्ञानशाखेला नाव आणि आकार देणाऱ्यांत ते आघाडीवर होते. वर सांगितलेली कामाची अदलाबदल घड्याळावर न चालता माणसाच्या अवस्थेवर चालली तर किती चांगलं!

कंट्रोलरूम

पहिलं_वर्ष, कल्पना म्हणून पटते. पण पॅनलवर बसणारा म्हणून सांगतो, माझ्या डोक्याला सेन्सर लावले तर पहिला प्रश्न माझा हाच असेल: हे रेकॉर्ड कुणाकडे जाणार? रात्रपाळीत पहाटेच्या सुमारास माझं लक्ष ढळलेलं दिसलं, तर यंत्रणा मला मदत करणार की महिनाअखेरीला माझ्या फाइलमध्ये नोंद होणार? डेटा जिथल्या तिथे वापरून पुसला जाणार असेल तरच माझ्यासारखे लोक तयार होतील.

पहिलं_वर्ष

हा मुद्दा आमच्या वर्गात कुणी काढला नव्हता. आभारी आहे. मग ज्याचा मेंदू मोजला जातो त्यालाच ती नोंद दिसावी आणि इतर कुणाला नाही, अशी रचना मान्य होईल का?

कंट्रोलरूम

तशी असेल तर मी स्वतः लावून बघेन.

आणि निरभ्र, १९९६ चा तो प्रयोग वाचून काल शिफ्ट इन्चार्जशी बोललो. आमच्या एका डिस्टिलेशन कॉलमचं (उकळून द्रव वेगळे करणाऱ्या उंच टाकीचं) तापमान नियंत्रण इतकं स्थिर आहे की नव्या ऑपरेटरांनी ते मॅन्युअलवर कधी चालवलेलंच नाही. लोड कमी असताना, अनुभवी माणूस शेजारी उभा ठेवून, प्रत्येक ऑपरेटरला थोडा वेळ ते हाताने चालवायला द्यावं असं मी सुचवलं. इन्चार्जला पटलं. त्या वेळात प्रॉडक्टची शुद्धता थोडी घसरेल, तो माल परत फिरवून घ्यावा लागेल, आणि तेवढ्या नुकसानीला मंजुरी कोण देणार यावर गाडी अडली आहे. प्रस्ताव लेखी मागितलाय. तुमच्या मूळ लेखातला १९९३ आणि १९९६ चा भाग त्यात वापरला तर चालेल ना?

निरभ्र (धागाकर्ता)

जरूर वापरा. बेनब्रिज यांचा प्रशिक्षणाच्या खर्चाचा मुद्दाही घाला. मंजुरी देणाऱ्याला नुकसानीचा आकडा दिसतो, तसा हात सुटल्याचा खर्चही समोर दिसायला हवा. मागे कधी हे नियंत्रण बिघडलं होतं तेव्हा ते सांभाळायला किती वेळ लागला आणि किती माल गेला, याची नोंद तुमच्या लॉगबुकात असेल. ती शोधून शेजारी ठेवा.

दर्यावर्दी

प्रस्तावाचे काय झाले ते इथे जरूर कळवा. आमच्याकडे पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याने जीपीएस न बघता किनाऱ्याच्या खुणांवरून किंवा ताऱ्यांवरून जागा काढून मग ताडून पाहायची, असा आग्रह धरणारे कप्तान आहेत. त्यासाठी वेगळी मंजुरी लागत नाही, पहाऱ्याचा तो भागच मानतात.